रुमालाखालचा भाव

अजीज डॉक्टरांच्या गळ्यात स्टेथोस्कोप असेलच याची खात्री नसायची, पण खांद्यावर रुमाल असायचा. रुमाल म्हणजे खिशातला नव्हे. चांगला दोन हात लांब, लाल चौकड्यांचा, धुऊन धुऊन विरलेला. पहिल्या दिवशी ते आमच्या खोलीच्या दारात उभे राहिले तेव्हा मला वाटलं, विजेचं काम करणारा माणूस आला. मी त्यांना जिन्याखालचं मीटर दाखवलं. त्यांनी वाकून ते नीट पाहिलं, "मीटर अच्छा है," म्हणाले आणि मग विचारलं, "बच्चे कुठं असतात?"

बच्चे आमच्याकडे नसायचे. आम्हीच त्यांच्याकडे जायचो. लहान मुलांच्या पॅलिएटिव्ह केअरचं आमचं पथक होतं. म्हणजे ज्या मुलाचा आजार आता बरा होणार नाही असं मोठ्या दवाखान्यांनी सांगून टाकलंय, त्याच्या घरी जायचं, त्याचं दुखणं, दम, ओकाऱ्या, झोप यांचं बघायचं आणि घरच्यांना एकटं पडू द्यायचं नाही. पथक म्हणजे मी, एक जीप, एक कपाट आणि सारखा बदलणारा डॉक्टर. मी परिचारिका, आणि स्वभावानं याद्या करणारी. कुणाकडे कधी जायचं, कुणाचं औषध संपत आलंय, कुणाच्या अंगणात कुत्रं आहे, सगळं कागदावर. डॉक्टरांनी पहिल्याच आठवड्यात मला 'यादीबाई' नाव ठेवलं आणि ते शेवटपर्यंत टिकलं.

शहराचं नाव तेव्हा औरंगाबाद होतं आणि पावसानं लागोपाठ पाठ फिरवली होती. शहर मात्र वाढायचं थांबत नव्हतं. पत्ता विचारला की लोक सांगत, "डांबर संपतं ना, तिथून तिसरा प्लॉट." आठवड्यानं जावं तर डांबर पुढं सरकलेलं असे आणि आमची जीप भलत्याच घरासमोर उभी राही. एकदा डॉक्टरांनी अशा भलत्या घरात जाऊन एका धडधाकट मुलाला तपासलं, त्याच्या आजीच्या हातचं थालीपीठ खाल्लं आणि बाहेर येऊन मला म्हणाले, "यादीबाई, या पोराला काहीसुद्धा झालेलं नाही. मोठ्या दवाखान्याचं निदान साफ चुकलंय." ते इतके खूश होते की चूक पत्त्याची आहे हे सांगायला माझा जीव होईना. जीपमध्ये बसल्यावर सांगितलं. रुमालानं तोंड पुसून म्हणाले, "थालीपीठ तर खरं होतं ना?"

रुमालाची गोष्ट अशी. डॉक्टर लासूर स्टेशनचे. वडील बैलांच्या बाजारात दलाल. बाजारात विकणारा आणि घेणारा समोरासमोर भाव बोलत नसत. चार लोकांनी ऐकलं तर भाव बिघडतो. म्हणून रुमाल पसरायचा, त्याखाली दलालानं आधी एकाचा हात धरायचा, मग दुसऱ्याचा. एक बोट दाबलं की एक, पंजा धरला की पाच, पंजा दोनदा दाबला की दहा. तोंडानं मात्र हवापाण्याच्या गप्पा. रुमालाखाली जे झालं ते दलाल जन्मात कुणाला सांगणार नाही.

डॉक्टरांनी ही रीत उचलून आजारी मुलांच्या खाटेवर आणली. त्याला कारण होतं. आई शेजारी बसलेली असली की मूल म्हणतं, दुखत नाही. आईला रडताना त्यानं पाहिलेलं असतं, पुन्हा पाहायचं नसतं. आई बाहेर आम्हाला सांगते, त्याला काही कळू देऊ नका. मूल आत सांगतं, आईला सांगू नका. दोघं एकमेकांना जपत बसतात आणि औषधाचा डोस कमी पडतो. मग डॉक्टर खाटेशेजारी जमिनीवर मांडी घालायचे (खुर्चीवर ते कधी बसत नसत, मुलापेक्षा उंच बसायचं नाही हा नियम), रुमाल मुलाच्या हातावर टाकायचे आणि आईशी कांद्याच्या भावाबद्दल बोलत बोलत विचारायचे, "हां, शेठ, कितना?"

प्रत्येक मूल त्यांच्यासाठी शेठ होतं. मुलगी असली तर शेठाणी.

या पद्धतीत एक अडचण निघाली. मुलं घासाघीस करू लागली.

शहागंजात बांगड्यांच्या दुकानावरच्या माडीवर फैजान नावाचा मुलगा राहायचा. रक्ताचा कॅन्सर, सगळे उपचार करून परत आलेला. जन्मापासून खाली गिऱ्हाइकांची हुज्जत ऐकत वाढलेला. त्यानं रुमालाखाली पहिल्याच दिवशी चौदा सांगितले.

"शेठ, दस के ऊपर भावच नहीं है," डॉक्टर म्हणाले.

"महंगाई है, डाक्टर मियाँ."

"छह."

"नक्को. बारा."

"सात. और ये पेट की दवा भी अभी लेने की."

"पेट की कायकू? सौदा दुखने का चल रा."

शेवटी आठवर सौदा ठरला आणि डॉक्टरांनी आठच्या हिशेबानं मॉर्फिनचं सिरप वाढवलं. औषध कडू होतं. फैजाननं अर्धंच घेतो म्हणून सांगितलं. डॉक्टर म्हणाले, पूर्ण. फैजाननं तोंड फिरवलं. "जाव, दुसरी दुकान देखो."

आणि डॉक्टर खरंच उठले. रुमाल झटकला, खांद्यावर टाकला आणि जिना उतरू लागले, अगदी शहागंजातलं गिऱ्हाईक उतरतं तसे, एकेक पायरी, कान मागं ठेवून. चौथ्या-पाचव्या पायरीवर वरून हाक आली, "आव, आव! ले लेता मैं!" त्या दिवसापासून रोज असंच. औषध द्यायचं म्हणजे आधी जिना उतरायचा. एकदा हाक आलीच नाही. डॉक्टर अर्ध्या जिन्यात उभे, वर फैजान गप्प, मध्ये मी औषधाची वाटी घेऊन. खालून त्याच्या अब्बांनी विचारलं, "क्या हुआ, डाक्टर साब? कुछ रह गया?" डॉक्टर म्हणाले, "नहीं, सोच रा हूँ." बऱ्याच वेळानं वरून आवाज आला, "मैं भी सोच रा हूँ."

याच घरी मुंबईहून एक ज्येष्ठ डॉक्टर बाई आमचं काम पाहायला आल्या. कडक, इस्त्रीच्या साडीतल्या, गुडघे धरत धरत जिना चढलेल्या. त्यांनी आमची नोंद वाचली. "दुखणं, दहापैकी चौदा?"

"मॅडम, तो सांगायचा भाव," अजीज डॉक्टर म्हणाले. "घ्यायचा भाव आठ."

बाईंनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. मी कपाळ पुसलं. तेवढ्यात फैजाननं रुमाल त्यांच्या हातावर टाकला आणि विचारलं, "आँटी, तुम्हारे घुटने का कितना?" बाईंच्या हातानं रुमालाखाली काहीतरी दाबलं असावं, कारण फैजान लगेच म्हणाला, "बहोत बोल रे. तीन में दे दो." त्या बाई हसल्या आणि मग त्यांना हसू आवरेना. जाताना मला म्हणाल्या, "हे शास्त्रात बसत नाही. पण बंद करू नका."

फैजान त्या उन्हाळ्यात गेला. त्यानंतर कित्येक दिवस डॉक्टर कोणत्याही घराचा जिना उतरताना मध्येच जरासे थांबत. मी पुढं जाऊन जीपचं दार उघडून ठेवायची.

खरी सांगायची आहे ती वैष्णवीची गोष्ट, आणि ती यातूनच आली.

बीड बायपासच्या पलीकडे नव्या वस्तीत तिचं घर होतं. खाली दोन खोल्या, वर नुसते खांब आणि आकाशाकडे तोंड केलेल्या सळया. वडील भानुदासभाऊ ट्रॅक्टरला टँकर जोडून पाणी विकायचे. नव्या वसाहतींना नळ नव्हते, त्यामुळे दुष्काळात त्यांच्या फोनला उसंत नसे. आई मंगलताई. वैष्णवी, म्हणजे वैशू, चौथीतली. मांडीच्या हाडातला आजार छातीपर्यंत पोचला होता. मॉर्फिनचं नाव काढताच मंगलताई म्हणाल्या, "अहो, तिला सवय लागंल ना त्याची!"

"ताई, तुमाला चहाची किती वर्षांपासून हाय?" डॉक्टर म्हणाले.

"ती येगळी."

"व्हय, येगळीच. चहानं दुखणं थांबत नाय."

वैशू कमी बोलायची. रुमालाखाली तिनं पंजा धरला आणि वर तीन बोटं दाबली. आठ. आणि इथं डॉक्टरांनी आयुष्यातली एक मोठी चूक केली, जी फक्त दलालाच्या घरात वाढलेला माणूसच करू शकतो. सवयीनं त्यांनी भाव पाडला. आठ सांगते म्हणजे पाच असणार. पाचच्या हिशेबानं डोस लिहिला आणि आम्ही निघालो.

वैशू घासाघीस करत नव्हती. तिनं खरं तेच सांगितलं होतं. दुसऱ्या दिवशी आम्ही गेलो तर तिनं उशीचं टोक चावून चावून फाडलं होतं आणि आईला हूं की चूं केलं नव्हतं. डॉक्टरांनी आधी डोस दिला, त्याचा गुण येईपर्यंत तिचा पाय हातात धरून बसून राहिले. तिचा श्वास सैल झाला तेव्हा विचारलं, "शेठाणी, काल बोलली का नाही?"

"बोलले की. तुमीच कमी केलं."

दलालानं खोटा भाव पाडला आणि ते उघडकीला आलं, तर लासूरच्या बाजारात त्यानं सगळ्यांना स्वतःच्या हातानं चहा पाजायचा, असा दंड होता म्हणे. दुसऱ्या सकाळी डॉक्टर केटली आणि कप घेऊन आले. मंगलताईंना चहा दिला, शेजारच्या दोघींना दिला, समोरच्या बांधकामावरच्या मिस्तरीला आणि बिगाऱ्यांना दिला, प्लॉटची मोजणी करायला आलेल्या माणसाला त्याची दुर्बीण बाजूला करायला लावून दिला, मला दिला. प्रत्येकाला सांगितलं, "मी चुकलो, त्याचा चहा आहे." मोजणीवाल्याला वाटलं प्लॉटच्या हद्दीत चूक झालीय, तो घाबरून पुन्हा टेप लावायला गेला. शेवटी वैशूला बशीत घोटभर दिला.

तिनं चाखला. "साखर कमी हाय."

डॉक्टर केटली घेऊन परत गेले. साखर वाढवून आणली. पुन्हा तोच फेरा, तीच माणसं. मिस्तरी म्हणाला, "डॉक्टर, अजून दोनदा चुका, काम तरी थांबंल." वैशूनं दुसऱ्यांदा चाखला आणि मान हलवली.

"पुन्यांदा असं करायचं नाय."

"नाय."

"मी सांगीन तोच भाव."

"तोच."

तेव्हापासून सगळ्याच मुलांच्या बाबतीत डॉक्टरांचा नियम बदलला. मुलाचा पहिला भाव तोच शेवटचा. चौदा म्हटलं तरी ते खाली आणत नसत. तपासायचे, विचारायचे, थोडं थांबायचे, पण हुज्जत नाही. मुलांची थोडी निराशा झाली.

दुखणं आटोक्यात आल्यावर वैशूनं दुसरी गोष्ट काढली. ती तिनं रुमालाखाली नाही, उघड सांगितली. मंगलताई बाहेर कपडे वाळत घालत होत्या.

"डॉक्टर, वरच्या मजल्यावर माझी खोली बांधणारेत आबा. गुलाबी रंग देणारेत."

"अच्छा!"

"मी काय जाणार नाय तिथं."

डॉक्टरांनी तिच्या पायावरची चादर सारखी केली. खोटं त्यांना बोलता येत नसे आणि खऱ्याची तिला गरज नव्हती.

"मला खोली नको. आबा पायजे. ते घरात बसतच नाहीत."

हे खरं होतं. भानुदासभाऊ येत ते इंजिन चालूच ठेवून. दारातून विचारत, "काय आणू, वैशू?" बाहुली, मोबाइल, आइस्क्रीम, जे म्हणेल ते आणून उंबऱ्यावर ठेवत आणि जात. त्यांचा ड्रायव्हर गावी निघून गेला होता, म्हणून टँकर ते स्वतःच चालवत होते. पण ड्रायव्हर असता तरी ते बसले नसते. तिच्याकडे बघवत नव्हतं त्यांना. आणि वैशूला आता दिवसातून बराच वेळ दम लागायला लागला होता. आम्हाला कळत होतं, तिला तर आधीच कळलं होतं: तिचा वेळ आणि भानुदासभाऊंचे फेरे यांची शर्यत लागली होती.

डॉक्टरांनी त्यांना दारात गाठलं.

"भाऊ, जरा बसत चला तिच्यापाशी."

"मुंबईला नेऊ का तिला? एक नवं औषध आलंय म्हणत्यात."

"तिच्यासाठी नाही आलं. मी विचारलंय तिथं. ते छातीतलं आता कुठल्या औषधाला ऐकणार नाही. नुसता प्रवास होईल, आणि प्रवासात दम."

"मग काम सांगा मला काहीतरी."

"तेच सांगतोय. बसायचं."

"हे काय काम झालं का, डॉक्टर? मी बसलो तर ती कॉलनी पाण्याविना बसंल. बाया मला फोनवर शिव्या देतात, तुमाला नाय." आणि टँकर निघाला. ट्रॅक्टरच्या मागं पाण्याची रेघ धुळीत सुकत गेली.

या सुमाराला डॉक्टरांचं आमच्याकडचं काम संपत आलं होतं. त्यांची बायको हैदराबादला नोकरीला होती, मुलगी तिथल्या शाळेत. त्यांनाही तिथं जागा मिळाली होती. निरोप समारंभाची यादी मीच केली होती: शाल, श्रीफळ, हार, पेढे, मोठ्या साहेबांचं भाषण. समारंभाच्या आदल्या दिवशी दुपारी आम्ही वैशूकडे गेलो. भानुदासभाऊ नेमके दारात आले, बाहेर इंजिन धडधडतंय.

"भाऊ," डॉक्टर म्हणाले, "तुमच्यासाठी गिऱ्हाईक आणलंय."

"किती टँकर?"

"आत या. सौदा उभ्यानं होत नाही."

सवयीनं भानुदासभाऊ आत आले. गिऱ्हाइकाला नाही म्हणणं त्यांना माहीत नव्हतं. डॉक्टरांनी खाटेवर वैशूच्या हातावर रुमाल पसरला आणि बाजूला सरकले. भानुदासभाऊंनी रुमाल ओळखला. त्यांचे वडीलही कधीकाळी बाजारात बैल विकायचे.

"गिऱ्हाईक कोण?"

"मी," वैशू म्हणाली.

"आनि दलाल?"

"दलाल नाही आज," डॉक्टर म्हणाले. "तुम्ही दोघंच."

मला वाटलं, भानुदासभाऊ आता निघून जाणार. ते दाराकडे बघत होते. मंगलताई चुलीपाशी पाठमोऱ्या उभ्या, उलथनं हातात तसंच. मग भानुदासभाऊ खाली बसले आणि त्यांनी हात रुमालाखाली घातला. किती दिवसांनी त्यांनी तिला हात लावला होता कोण जाणे. रुमाल हलला. ते बराच वेळ तसेच राहिले.

"एवढं नाय जमायचं गं, वैशू."

तिनं मान हलवली. रुमाल पुन्हा हलला.

"अगं, लोक पाण्यावाचून—"

रुमाल तिसऱ्यांदा हलला. भानुदासभाऊंच्या नाकाच्या शेंड्यावरून पाणी खाली टपकलं, त्यांनी दुसऱ्या हातानं पुसलं. "बरं," ते म्हणाले. पण हात काढला नाही.

किती दिवस ठरले, की सगळेच, ते मला आजही ठाऊक नाही. मी विचारलं नाही, आणि विचारलं असतं तरी दोघांपैकी कुणी सांगितलं नसतं.

बाहेर ट्रॅक्टर धडधडत होता आणि भानुदासभाऊंच्या खिशातला फोन वाजत होता. डॉक्टरांनी हळूच तो फोन काढून घेतला. पलीकडून एक बाई इतक्या मोठ्यानं बोलत होत्या की मला सगळं ऐकू आलं. "अहो भाऊ, सकाळपासून थेंब नाही घरात! येताय की नाही?"

"येतो," डॉक्टर म्हणाले.

मी त्यांच्या मागं बाहेर आले. "तुम्हाला चालवता येतो?"

"लासूरला ट्रॅक्टर चालवलाय मी. मागं टँकर नव्हता, एवढंच."

तो फरक किती मोठा असतो ते पुढच्या काही दिवसांत सगळ्या वसाहतीला कळलं. पुढं जाणं त्यांना छान जमायचं. मागं घेताना टँकर एकीकडे आणि ट्रॅक्टर दुसरीकडे जायचा. वसाहतीच्या नव्या कोऱ्या कमानीचं पहिलं अक्षर त्यांनी पहिल्याच दिवशी पाडलं. विहिरीवर टँकर भरायला रांग लागे, तिथं इतर टँकरवाले त्यांना 'डाक्टर, माझं बीपी बघा' म्हणत आणि ते बघत, तेवढ्यात मागचा पुढं घुसे. हैदराबादचं जाणं त्यांनी पुढं ढकललं; सकाळी आमच्या घरभेटी, दुपारनंतर टँकर. हैदराबादहून त्यांच्या बायकोचा मला फोन आला. "ये क्या सुन रही हूँ मैं? पाणी विकतात ते?" मी म्हटलं, "विकत नाहीत, नुसतं पोचवतात." यानं त्यांचं समाधान झालं नाही.

निरोप समारंभही ठरल्या वेळी झाला, कारण मोठ्या साहेबांना पुढं दुसरा कार्यक्रम होता. डॉक्टर विहिरीवर रांगेत होते. साहेबांनी भाषण केलं, 'आपल्या अजीज डॉक्टरांचा हसतमुख चेहरा' म्हणताना रिकाम्या खुर्चीकडे हात केला आणि फोटो हवा म्हणून शाल त्या खुर्चीच्या पाठीवर घालून नारळ बसायच्या जागेवर ठेवला. फोटोत खुर्ची चांगली आली आहे.

भानुदासभाऊ मात्र घरात होते. मी सकाळी जाई तेव्हा ते जमिनीवर मांडी घालून बसलेले, वैशूचं डोकं मांडीवर. सुरुवातीला त्यांना हातांचं काय करावं ते कळत नव्हतं. मी त्यांना तिचे ओठ ओल्या कापसानं टिपायला शिकवलं, कूस बदलायला शिकवलं, औषधाची नळी कशी धरायची ते शिकवलं. दोन दिवसांत मला सांगू लागले, "बाई, अशी न्हाई, जरा तिरपी धरा, तिला ठसका लागतो." त्यांचं बोलणंही सुरू झालं. कुठल्या विहिरीचं पाणी गोड, कुठल्या सोसायटीतल्या बाया भांडकुदळ, हे सगळं ते तिला सांगत आणि ती डोळे मिटून ऐके. मध्येच विचारे, "मग तिनं काय केलं?"

एके दिवशी दुपारी मला त्यांचा फोन आला. आवाज शांत होता.

"बाई, झालं. माझ्याच मांडीवर होती. लई दम नाय लागला." मग जरा थांबून, "डॉक्टरला सांगा. ते फोन उचलंना. इंजिनाच्या आवाजात कळत नसंल."

मी जीप घेऊन वसाहतीत गेले. डॉक्टर टँकरच्या पाठीवर चढलेले, खाली पाइप एका घराच्या हौदात आणि भोवती बायांचा गराडा. कुणाच्या हौदात किती गेलं यावरून भांडण पेटलं होतं. एक बाई म्हणत होती, तिच्याकडे फेस जास्त आला आणि पाणी कमी. डॉक्टर तिला वरून समजावत होते की फेसाचे पैसे लागत नाहीत. मी रस्त्यात उभी राहिले. त्यांनी वरून माझ्याकडे पाहिलं. त्यांचं बोलणं वाक्याच्या मध्येच थांबलं.

ते खाली उतरले. हौदातला पाइप काढला, गुंडाळला, आकड्याला अडकवला.

"अहो, अजून अर्धा टँकर आहे!" फेसवाली बाई म्हणाली. "माझ्या हौदात टाका तो. मी पहिली आहे."

"ते पाणी द्यायचं आहे एका घरी," डॉक्टर म्हणाले.

"कुणाकडे? आम्ही जास्त देऊ की. बोला किती?"

"नाही."

"अहो, बोला तरी!"

दुसरीनं आकडा सांगितला. तिसरीनं वाढवला. त्यांच्या लेखी सौदा आत्ता कुठं सुरू झाला होता. डॉक्टर ट्रॅक्टरवर चढले. मला म्हणाले, "यादीबाई, घरी लोक येतील आता. पाणी लागेल." आणि निघाले.

मागं घ्यायची गरज नव्हती, म्हणून ट्रॅक्टर नीट गेला. कमानीखालून बाहेर पडला, बायपासकडे वळला. झाकणाच्या फटीतून पाणी हिंदकळून रस्त्यावर सांडत होतं. त्याच रात्री ते तिथूनच स्टेशनवर गेले आणि हैदराबादच्या गाडीत बसले, हे मला दुसऱ्या दिवशी भानुदासभाऊंनी सांगितलं. मी त्यांना शेवटचं पाहिलं ते तेव्हाच.

फेसवाली बाई माझ्याजवळ येऊन उभी राहिली होती.

"हा नवा टँकरवाला तुमच्या ओळखीचा दिसतोय."

"हो."

"स्वभावानं बरा आहे. पण त्याला सांगा, पाइप नीट धरत जा म्हणावं. अर्धं पाणी बाहेर जातं."

"सांगते," मी म्हटलं.